मूळश्वास

काच फुटली तेव्हा एकही मूल ओरडलं नाही. जयमालाबाईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती तेव्हा.

चैत्रातली सकाळ होती. कराडच्या शाळेच्या सभागृहात चौथीचा वर्ग डोळे मिटून मांडी घालून बसला होता. प्रत्येकाच्या छातीभोवती मऊ निळा पट्टा. समोर खुर्च्यांवर जिल्ह्याहून आलेले पाहुणे. बाहेर मोठ्या मुलांचं क्रिकेट रंगात आलं होतं, आणि त्यातला एक चेंडू खिडकीची अख्खी काच घेऊन आत आला. पाहुण्यांतल्या एक बाई किंचाळल्या. एका साहेबांचा चहा त्यांच्याच मांडीवर सांडला. मुलं मात्र होती तशी बसून राहिली. कुणी डोळासुद्धा उघडला नाही.

"याला म्हणतात एकाग्रता," साहेब पँट झटकत म्हणाले. टाळ्या पडल्या.

जयमालाबाई निकम या शाळेच्या योगाच्या बाई. निवृत्त झाल्या तरी शाळेने त्यांना सोडलं नव्हतं. टाळ्यांच्या आवाजात त्यांना जुने दिवस आठवले. तेव्हा काच फुटली असती तर निम्मा वर्ग खिडकीला जाऊन लोंबकळला असता. चेंडू कुणाचा, फटका कुणाचा, आता बोलणी कुणाला बसणार याची चर्चा झडली असती आणि कुणीतरी न विचारताच "बाई, मी नव्हतो" म्हणून मोकळं झालं असतं. पटांगणातल्या करंजाखाली सतरंज्या घालून वर्ग भरायचा. सिंहासनात जीभ बाहेर काढून गर्जना सुरू झाली की समोरचा शिंपी दार ओढून घ्यायचा. भ्रामरीत मुलं भुंग्याऐवजी मोटारसायकल काढायची. नुसता दंगा. पण त्या दंग्याच्या शेवटी पोरं शवासनात पडली की खरीच पडत, ओलं धोतर दोरीवर टाकावं तशी सैल. भित्रं पोर वर्षभरात मोठ्याने बोलू लागे. तोतरं बोलणारी मुलगी स्नेहसंमेलनात कविता म्हणून दाखवी. अंथरूण ओलं करणाऱ्या एका मुलाची आई ते थांबल्यावर पदराखाली झाकून चकल्या घेऊन आली होती. श्वासाने मूल फुलतं हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणूनच समीरा हा पट्टा घेऊन आली तेव्हा त्यांना आपल्या जन्मभराच्या कामाला फळ आल्यासारखं वाटलं होतं.

डॉ. समीरा मुजावर त्यांचीच विद्यार्थिनी, करंजाखालची. पुढे ती मेंदूच्या संशोधनात शिरली. तिला जे सापडलं ते ऐकायला सोपं होतं. आई बाळाच्या पाठीवर थोपटते तेव्हा थोड्या वेळाने बाळाचा श्वास त्या थोपटण्याच्या तालात येतो आणि त्याला ते कळतही नाही. पट्टा तेच करी. पाठीकडच्या मऊ गादीतून तो हलकी लाट देई, फुगे आणि ओसरे, आणि मूल नकळत त्या लाटेबरोबर श्वास घेऊ लागे. श्वास संथ झाला की मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस हृदयाला सांगते, सावकाश चाल. हृदय सावकाश चाललं की मेंदू समजतो, सगळं ठीक आहे. जुन्या योग्यांनी हे अनुभवाने ओळखलं होतं. समीराने ते मोजलं.

प्रश्न एवढाच होता, की लाट कुणाच्या श्वासाची द्यायची. नावाजलेल्या योगाचार्यांचा श्वास मुलांना मानवेना, मुलांच्या छात्या लहान. यंत्राने घडवलेली लाट मुलं चार दिवसांत झिडकारत. मुलाचा श्वास मुलाच्याच मागे जातो हे शेवटी समीराच्या लक्षात आलं. मग तालुक्यातल्या मुलांना पंधरा दिवस घरी बांधायला पट्टे दिले. शाळेत मुलं मुद्दाम शहाण्यासारखी बसतात, घरी खरी असतात, हा त्यातला विचार. आणि यंत्राला सांगितलं, यांतला सर्वांत संथ, सर्वांत स्थिर श्वास शोध. यंत्राने शोधला. दिवेलागणीचा अर्धा तास, एका नऊ वर्षांच्या मुलीचा. त्याला नाव पडलं मूळश्वास.

ती मुलगी म्हणजे रेवा, जयमालाबाईंची नात.

घरात पेढे वाटले गेले. तसं आश्चर्य कुणालाच वाटलं नाही, कारण रेवा होतीच तशी. "घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही हो," असं येणारा जाणारा म्हणे आणि घरातली सगळी ते कौतुक पदकासारखं छातीवर लावून घेत. रेवाचा बाबा, म्हणजे बाईंचा मुलगा धैर्यशील, साखर कारखान्यात होता. तिथे आता सगळं यंत्रंच चालवत. उसाच्या गाड्यासुद्धा चालकाशिवाय येत. माणूस उरला होता तो चूक झाली तर जबाब द्यायला. तिथल्या नियंत्रण कक्षात त्याने सगळ्यांना सांगितलं, "तालुक्याची पोरं माझ्या लेकीच्या श्वासावर चालतात."

आणि पोरं चालतही होती. मारामाऱ्या बंद झाल्या, पाढे पाठ झाले, घरी मोबाइलसाठी आदळआपट थांबली. जूनपासून पट्टा साऱ्या राज्यातल्या शाळांत जाणार होता. आजचे पाहुणे त्यासाठीच आले होते.

बाईंची एक जुनी पद्धत होती. मुलं शवासनात पडली की त्या रांगांतून फिरत आणि प्रत्येकाच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलकेच हलवत. अंगठा कोमट आणि सैल असला तर मूल विसावलं. पट्टे आल्यापासून हे बंद झालं होतं. स्पर्शाने मोजमाप बिघडतं, अशी सूचना होती. बाईंनाही वाटलं होतं, यंत्राला कळतंय तर आपण कशाला वाकायचं, गुडघे तरी वाचतील.

पाहुणे जेवायला गेले आणि वर्ग शवासनात पडला, तेव्हा आज बाई वाकल्या. पहिला अंगठा त्यांनी हातात धरला आणि दचकून सोडला. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखा गार. दुसरा तसाच. रांगेतले सगळे तसेच. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. शेवटच्या मुलाचा पाय हातात असतानाच चाळीसच्या चाळीस छात्या एकदम थांबल्या. वाऱ्याने झुळूक आवरावी तशा. मग सगळ्या मिळून परत हलल्या. हे थांबणं बाईंनी आधीही पाहिलं होतं, आणि कुंभक आपोआप साधतोय म्हणून त्या सुखावल्या होत्या.

समीरा मागे थांबून काचा गोळा करत होती. बाईंनी तिला गाठलं.

"तो नैसर्गिक कुंभक आहे, बाई," समीरा म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, रोखायचा नाही, आपसूक थांबतो तो खरा. रेवाचा पंधराही दिवस तसा थांबलाय. रोज साडेसातच्या आसपास. अशी बैठक मी मोठ्यांतही पाहिली नाही."

"आपसूक थांबलेल्याचे पाय गार पडत नाहीत."

समीराने तळहाताएवढ्या पडद्यावर आकडे दाखवले. भीती असती तर हृदय धडधडलं असतं. इथे तर ते मंद होतं.

"धडधडतं ते पळणाऱ्याचं," बाई म्हणाल्या. "ज्याला पळायला जागाच नाही त्याचं गं?"

बाईंनी मग तिला टिटवीच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. बाईंच्या माहेरच्या रानात नांगरटीच्या ढेकळांत टिटवी अंडी घालायची. पिल्लं बाहेर पडून तुरुतुरु पळू लागली, की वर घिरट्या घेत ती पहारा करायची. तिने एक ओरड दिली की पिल्लं जिथे असतील तिथे जमिनीला चिकटायची. पायाशी असली तरी दिसायची नाहीत. लहानग्या जयमालाने एकदा त्यातलं एक उचललं होतं. मातीचा खडा धरल्यासारखं वाटलं. मेलं असं समजून तिने ते खाली ठेवलं, आणि पाठ वळताच ते पळालं.

समीराला हे पुस्तकातून ठाऊक होतं. घारीची सावली पडली की ससा दबकतो, त्याचा श्वास बारीक होतो, हृदय मंदावतं. यंत्राला तिने संथ आणि स्थिर एवढंच शोधायला सांगितलं होतं. कोमट शोध असं सांगितलं नव्हतं.

"पण रेवा कशाला दबकेल, बाई? तुमच्या घरात?"

"माझ्या घरात भिण्यासारखं काय असणार आहे?" बाई फटकन म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या. रस्ताभर त्या स्वतःवरच चिडलेल्या होत्या. समीरा चुकीचं काही बोलली नव्हती.

संध्याकाळी त्या दाराजवळच्या जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या. समोर रेवा शुद्धलेखन लिहीत होती. सून केतकी स्वयंपाकघरात होती आणि टीव्हीवर कुणीतरी गात होतं. आज बाईंनी ठरवलं होतं, फक्त पाहायचं.

साडेसात वाजून गेले आणि फाटकाची कडी वाजली.

टीव्हीचा आवाज खाली गेला. केतकीने तो कधी कमी केला हे तिलाही सांगता आलं नसतं. बाईंचा पाय आपोआप पुढे झाला आणि दारातली रेवाची चप्पल त्यांनी कोपऱ्यात सरकवली. मग त्यांची नजर रेवाकडे गेली. पेन्सिल एका अक्षराच्या कान्यावर थांबली होती. डोळे वहीवर, पण कान दाराकडे. छाती हलत नव्हती. ती बाबांचे बूट ऐकत होती. बूट ठेवले जातात की भिरकावले जातात, एवढ्यावर तिची संध्याकाळ ठरत होती. आणि बाईंना तेव्हाच कळलं, की आपल्याही हातातली मेथीची काडी मघापासून तशीच आहे.

बूट भिरकावले गेले.

"मधल्या खोलीत पंखा कुणाच्या बापाचा फिरतोय?" दारातूनच आवाज आला. त्या आवाजाने टेबलावरचं स्टीलचं भांडं बारीक झणझणलं. बस, तेवढंच. धैर्यशीलने लेकीवर कधी हात उगारला नव्हता. दोन-चारदा ताट भिरकावलं होतं, तेही भिंतीकडे. आत येऊन त्याने रेवाच्या डोक्यावरून हात फिरवला, अक्षर पाहिलं आणि म्हणाला, "शहाणी माझी बाय." रेवा हसली. शहाण्या मुलीने हसावं तेवढंच.

बाईंनी टेबलाखाली हात घालून तिचा अंगठा धरला. गार होता.

बाईंचे वडील घरी यायचे तेव्हाही घर असंच गप्प व्हायचं. चुलीपुढची आई फुंकणीसुद्धा हळू मारायची. लोक कौतुकाने म्हणायचे, काय धाक आहे आबांचा. त्या धाकाची आठवण बाईंनी जन्मभर अत्तराच्या फायासारखी जपली होती. हल्लीच्या घरांत तो राहिला नाही याची हळहळसुद्धा केली होती. आज त्या शब्दाखाली त्यांना ढेकळाला चिकटलेलं पिल्लू दिसलं.

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. बोलावं तर घरातली गोष्ट सरकारी टेबलावर जाणार. पोटच्या पोराचं नाव बदनाम होणार आणि रेवाला आयुष्यात मिळालेला एकुलता एक मान जाणार. गप्प बसावं, तर जूनपासून साऱ्या राज्यातली पोरं रोज एकदा श्वास धरणार, कारण कराडात धैर्यशील निकम फाटकाची कडी काढतो.

रविवारी सकाळी तो व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. बाई निळा पट्टा घेऊन आल्या. साऱ्या कारखान्याला लेकीची कौतुकं सांगतोस, एकदा स्वतः बांधून तर बघ, म्हणाल्या.

"मला कशाला शवासनात घालतेस? मी घोरेन. मग तुमच्या राज्यभरच्या पोरांना घोरायला लावाल," तो म्हणाला. पण स्वारी खुशीत होती. त्याने पट्टा बांधून घेतला आणि डोळे मिटले.

लाट सुरू झाली. मोठा आडदांड माणूस तो. पण हळूहळू त्याचे खांदे आत आले. श्वास बारीक झाला, नऊ वर्षांच्या मुलीएवढा. बाई समोर पाटावर बसून पाहत होत्या. त्यांना त्याचं लहानपण आठवलं, करंजाखाली सर्वांत मोठी गर्जना याची असे. मग ती जागा आली. धैर्यशीलची छाती थांबली, भुवया जवळ आल्या आणि त्याचा हात आपोआप छातीशी गेला.

"इथे काय होतं गं?" डोळे न उघडता त्याने विचारलं. "कुणीतरी आवळून धरल्यासारखं होतंय."

बाईंनी आवाज अगदी खाली ठेवला.

"इथे तू येतोस, धैर्या. इथे फाटकाची कडी वाजते."

त्याने डोळे उघडले. आधी त्याला कळलं नाही, आणि कळलं तसा त्याचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी राक्षस आहे का? दिवसभर तिथे मरमर मरायचं आणि घरी येऊन हे ऐकायचं?" आवाज चढला आणि भिंतीवर आदळून परत आला. त्यामागोमाग स्वयंपाकघरातली पोळपाटाची टकटक थांबली. आतल्या खोलीत रेवा काहीतरी पुटपुटत पाठ करत होती, तेही थांबलं. समोर आईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. घर चिडीचूप झालं.

ही शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. तो आत येई तेव्हा ती आधीच मांडून ठेवलेली असे, आणि त्याला वाटे, आपलं घर असंच आहे, शांत. पाठीवरची लाट अजून चालूच होती. मुलीचा तो बारीक श्वास त्याच्या रुंद पाठीवर फुगत होता, ओसरत होता. पट्टा काढायला गेलेला त्याचा हात तसाच राहिला.

मग तो म्हणाला, "आणि हे किती पोरांना बांधलंय तुम्ही?"

बाईंनी तिथूनच समीराला फोन लावला. ज्या जागी श्वास थांबतो तिथे काय होतं हे त्यांनी तिला सांगितलं, घर कुणाचं ते लपवलं नाही. शेजारी बसलेल्या धैर्यशीलने त्यांना अडवलं नाही. समीरा म्हणाली, "मला वाटलं मी तुमचा करंज सगळ्या शाळांत लावतेय."

तिने मूळश्वास काढून घेतला. ते सोपं नव्हतं. शिक्षण खात्याच्या बैठकीत तिला सुनावलं गेलं, की आकडे उत्तम असताना आपण एका म्हातारीच्या सांगण्यावर पोरांचे अंगठे चाचपत बसायचं काय. पण तिला खरा धक्का दिला तो पालकांनी. ते शाळेच्या दारात उभे राहिले. त्यांना पट्टा हवा होता. कधी नव्हे ते घरात दोन घास सुखाने खातोय, मुलं विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आता काढून घेऊ नका, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी एका आईला सगळं समजावून सांगितलं. ती नीट ऐकून घेऊन म्हणाली, "थोडी भीती असलेली बरी असते, बाई. आपण नाही का तशाच वाढलो?" कालपरवापर्यंत बाईही हेच म्हणत होत्या.

"मी माझा मूळश्वास काढला," समीरा जाताना म्हणाली. "पण पट्टे खात्याकडेच आहेत. उद्या दुसरं कोणी दुसरी शांत मुलगी शोधेल."

रेवा कुणावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माझं काही चुकलं का, आजी?" नाही, म्हणून बाईंनी तिला पोटाशी धरलं. त्यांनी सोडेपर्यंत ती तशीच राहिली, एखाद्या वस्तूसारखी.

धैर्यशील आता कोपऱ्यावरूनच काहीतरी गुणगुणत येई. तो येतोय हे घराला आधी कळावं म्हणून. सूर भयानक होता. दोनदा त्याचा आवाज पुन्हा चढला, आणि एकदा तो वाक्य अर्धं टाकून परसात जाऊन उभा राहिला. पेन्सिल अजूनही कडी वाजली की थांबतच होती.

जून उजाडला. बाईंनी वर्ग पुन्हा करंजाखाली नेला, सतरंज्या घातल्या, पट्टे कपाटात ठेवले. सिंहासन सांगितलं तेव्हा मुलांनी जिभा बाहेर काढल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. आवाज काढायला परवानगी आहे का, हे त्यांना कळेना. बाईंनी स्वतः गर्जना केली. या वयाची ती गर्जना, मध्येच खोकला आला. एक मुलगा हसला आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला. "दाबू नको रे," बाई म्हणाल्या, पण तेवढ्याने काही झालं नाही. समोरच्या शिंप्याच्या जागी आता औषधांचं दुकान होतं. तिथे कुणी दार ओढून घेतलं नाही.

मग शवासन. बाई गुडघ्यांवर हात ठेवून रांगेतून वाकत निघाल्या. गार, गार, एक किंचित कोमट, परत गार. हे निवायला वेळ लागला नव्हता, तापायला लागेल, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटी रेवा. डोळे मिटून, पाय जुळवून, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी. बाईंनी तिचा अंगठा दोन्ही तळव्यांत घेतला आणि तशाच जमिनीवर बसल्या. घाई कसलीच नव्हती. फांदीवर कुठेतरी बुलबुल बोलत होता. आणि मैदानापलीकडे शिपायाने शाळेच्या फाटकाची लोखंडी कडी खणकन टाकली.

तळव्यांतला अंगठा आखडला. रेवाची छाती थांबली. बाईही श्वास धरून पाहत राहिल्या.

मग रेवाने पाय ओढला.

"आजी, सोड ना," ती म्हणाली, चांगलं मोठ्याने, दोन रांगांपलीकडे ऐकू जाईल असं. "गुदगुल्या होतात."

तिथे कुणीतरी फिसकन हसलं, आणि या वेळी कुणी तोंड दाबलं नाही. जयमालाबाईंनी हात उघडले. अंगठा अजून गारच होता. पण तो तिने काढून घेतला होता.